ऑब्झर्व्हर नंबर सात

रविवार, १५ एप्रिल २००७. श्रूजबरी. सकाळी ९

नवी वही. गिरीशने आणली. म्हणे, आई, बघ किती पांढराशुभ्र कागद आहे. पिवळट आहे. या देशात पांढरं म्हणून जे विकतात ते सगळं पिवळट. कागद, दूध, भिंती. यंदाचा बर्फसुद्धा. पण आईने तोंड उघडलं की ती तक्रार ठरते, म्हणून मी मुलाला थँक यू म्हटलं.

संकल्प दोन. या वहीत कुरकुर करायची नाही. आणि सुनेच्या कामात लक्ष घालायचं नाही.

(कागदाबद्दल लिहिलं ती कुरकुर नव्हे. नोंद आहे.)

मंगळवार, १७ एप्रिल

दुसऱ्या संकल्पाबद्दल. लक्ष घालायचं नाही म्हणजे माहिती घ्यायची नाही असं नव्हे. उद्या कोणी विचारलं, रेणू काय करते, तर मी काय 'कायतरी नॅनो' म्हणू?

रेणू इथल्या युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक आहे. म्हणजे डॉक्टरेट मिळाली तरी शिकाऊच. मॉलिब्डेनम नावाच्या धातूचं ऑक्साइड घ्यायचं आणि त्याचे पापुद्रे काढायचे, इतके पातळ की हजारभर एकावर एक रचले तरी केसाची जाडी होत नाही. यांना नॅनोशीट म्हणायचं. ते कागदाच्या पट्टीवर बसवायचे. पट्टी पांढरी. मासळी किंवा अंडं बिघडायला लागलं की त्यातून जो घाणेरडा वायू सुटतो, तो लागला की पट्टी निळी होते. थोडा वायू, फिकट निळी. जास्त वायू, गडद. फ्रिजमधल्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवायची.

निळी का होते, तेही तिने जेवताना सांगितलं. वायूमुळे पापुद्र्यात मोकळे इलेक्ट्रॉन जमतात. उजेड पडला की ते सगळे एका तालात डोलायला लागतात, त्या नादात लाल रंग खाऊन टाकतात आणि निळा सोडून देतात. याला प्लाझ्मॉन म्हणतात. मी म्हटलं, थोडक्यात गरबा. रेणू इतकी हसली की तिला ठसका लागला. मुलगी गुणी आहे.

काळजी वेगळीच आहे. या कामाला पैसा पुरवणारी पॅकिंगची कंपनी २२ जूनला बघायला येणार. साध्या दहा माणसांना, कुठलंही यंत्र न लावता, नुसत्या डोळ्यांनी पट्टी वाचता आली तर काम पुढे चालू. नाही आली तर तीन वर्षांचं काम कपाटात आणि रेणू घरी. सगळं दहा जोडी डोळ्यांवर. तिला माणसं मिळत नाहीयेत.

माणसं मिळत नाहीत! चौतीस वर्षं मी मुंबईत कापडगिरणीच्या शेड मॅचिंगमध्ये काढली. उत्तरेच्या खिडकीशी उभं राहून लॉट पास का रिजेक्ट ते सांगायचं. एका मोरपंखीच्या एकवीस छटा मला नंबरवार पाठ. साहेबांनी परदेशातून रंग मोजायचं मशीन आणलं तेव्हा माझी आणि मशीनची शर्यत लावली. मशीन परत गेलं. मी राहिले.

शनिवार, २१ एप्रिल

रेणूने विचारलं नाही. मीच सुचवलं. सुचवणं म्हणजे लक्ष घालणं नव्हे. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, हो आई, चालेल की. आनंदाने शब्द फुटले नसावेत.

सोमवार, २३ एप्रिल. दुपारी

गिरीशचे ऑफिसचे शर्ट. पिवळे पडलेत. इथल्या साबणाला फेस आहे, अक्कल नाही. गेल्या महिन्यात आयसेलिनच्या देशी बाजारात लग्नाच्या खरेदीला गेलो होतो, तेव्हा ओक ट्री रोडवर एका दुकानात चक्क नीळ मिळाली होती. बाटली तशीच पडली होती. आज काढली. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिना आमचे युनिफॉर्म उन्हात धरून बघायच्या. जरा पिवळी झाक दिसली की मुलगी घरी. त्या शिस्तीने आम्ही घडलो.

चार थेंब घातले. फरक नाही. आठ घातले. किंचित. पुढच्या वेळी बारा.

शनिवार, २८ एप्रिल

बारा थेंब योग्य. शर्ट आता कुठे पांढरे दिसायला लागलेत.

नात सई नाश्त्याला म्हणाली, आजी, डॅड्स शर्ट इज ब्लू. तेरा वर्षांची घोडी, पांढऱ्याला ब्लू म्हणते. यांच्या शाळेत रंग शिकवत नाहीत, फीलिंग्ज शिकवतात. गिरीशने तिच्याकडे नुसतं पाहिलं, ती गप्प झाली. मुलाला वळण चांगलं आहे. कोणी लावलं ते सांगायला नको.

शनिवार, ५ मे. संध्याकाळी

पट्ट्यांची पहिली फेरी. आमच्याच जेवणघरात, कारण उत्तरेची खिडकी इथे आहे. (हे मी सुचवलं.) दहा माणसं जमली, सगळी आपल्याच मराठी मंडळातली. टेबलावर पांढरे कागद, त्यावर दहा पट्ट्या, उलटसुलट क्रमाने. प्रत्येकाने आपल्या कागदावर आकडा लिहायचा. पांढरीला शून्य, गडद निळीला पाच, मधल्यांना मधले. नावं रेणू नंतर काढून टाकणार आणि प्रत्येकाला नंबर देणार. कोणाचा कुठला ते फक्त तिला माहीत. परवानगीच्या फॉर्मवर युनिव्हर्सिटीने स्वल्पविराम चुकीच्या जागी टाकला होता. दुरुस्त करून सही केली.

बाकीचे पेन्सिली चावत बसले होते. माझं चार मिनिटांत झालं. आठ पट्ट्यांना शून्य, दोनांना एक. एकदा दिलेला शेरा मी बदलत नाही.

शेजारच्या अमितचे वडील एकनाथराव माझ्या समोर बसले होते. नागपूरचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूचं ऑपरेशन करून प्लास्टिकची भिंगं बसवून घेतलीत आणि लग्न ठरल्यासारखे सगळ्यांना सांगत फिरतात. प्रत्येक पट्टीला वा, काय निळी आहे बाप्पा, असं मोठ्याने. त्यांना गप्प बसायला सांगावं लागलं. मी सांगितलं.

वापरलेल्या तीन पट्ट्या रेणूकडून मागून घेतल्या. पारदर्शक टेपखाली बंद केल्या की रंग तसाच राहतो म्हणे. इथे चिकटवते आहे. शेरा: तिन्ही पांढऱ्या. काहीही बदल नाही.

मंगळवार, ८ मे

आलेख तयार झाला. रेणूने छापून फ्रिजवर लावला. आकडे मुंगीएवढे छापलेत, पण चित्र दिसतं. नऊ रेघा जिन्यासारख्या चढत जातात. दहावी जमिनीवर सरपटते. तिच्यापुढे मात्र आकडा मोठा आहे: सात.

चढणाऱ्या नवांत सगळ्यात वरची, ठाम, ती माझी असणार. मी रेणूला विचारलं, हा सात नंबरचा ठोंब्या कोण. ती कप विसळायला लागली. कप विसळलेलाच होता. पोर सज्जन आहे, कोणाचं नाव घेणार नाही.

पण मला नाव सांगायची गरज नाही. प्लास्टिकची भिंगं.

गुरुवार, १० मे

टाउन ऑफिसला पत्र लिहिलं. रस्त्यावरच्या दिव्यांभोवती हल्ली मोठमोठी वर्तुळं दिसतात, समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे अंगावर धावून येतात, आणि हा सगळा कर भरणाऱ्यांचा अपमान आहे, असं. चांगल्या इंग्रजीत. गिरीशने घरातही ते पिळाचे नवे बल्ब लावलेत, वीज वाचवायला. त्यात तर हळदीत बुडाल्यासारखं दिसतं. त्यालाही सांगितलं. म्हणाला, बदलतो आई. त्याने बदलले. फरक नाही. बहुतेक तेच परत लावले.

शनिवार, १२ मे

अमितकडे जेवायला. एकनाथराव गिरीशकडे बघून म्हणाले, काऊन गिरीश, आजकाल रोज निळाच शर्ट दिसून राह्यला तुझा. टेबलावर सगळे एकदम भाताकडे बघायला लागले. मी शांतपणे म्हटलं, एकनाथराव, ऑपरेशन परत करून घ्या. ते म्हणाले, माझं झालं वहिनी, आता नंबर तुमचा. आणि स्वतःच हसले.

अशा माणसाच्या डोळ्यांवर रेणूची नोकरी टांगलेली आहे.

मंगळवार, १५ मे

रेणूला रीतसर अर्ज दिला. दीड पान. विषय: ऑब्झर्व्हर नंबर सात यांना तातडीने वगळणेबाबत. सदर व्यक्तीची दृष्टी सदोष आहे, सदर व्यक्तीला ते कळत नाही, आणि न कळण्याबद्दल सदर व्यक्तीला गर्व आहे, असे तीन मुद्दे. खाली सही.

रेणूने तो उभ्यानेच वाचला. दोनदा. मग म्हणाली, आई, गैरसोयीचं आहे म्हणून कोणाला काढता येत नाही. तसं केलं तर ते सायन्स राहत नाही. आणि सात नंबरने खोटं लिहिलेलं नाही, जे दिसतं तेच लिहिलंय. मी म्हटलं, मूर्खपणाही प्रामाणिक असू शकतो. तिने अर्ज घडी घालून फाइलला लावला.

तिचे साहेब डॉ. केलर म्हणे म्हणाले, दहातला एक असा निघाला तर तो का, ते कंपनी विचारणारच. मी उत्तर दिलंय. लेखी.

शनिवार, २६ मे

पुढच्या शनिवारी दुसरी फेरी. एकनाथरावांना वगळणार नसाल तर निदान शिस्त आणा, असं मी म्हटलं. पहिल्या वेळी टेबलावर नुसते छापायचे कागद पसरले होते, पिवळट, सुरकुतलेले. गिरणीत मी असल्या टेबलावर रुमालसुद्धा तपासला नसता. टेबलक्लॉथ मी देणार. सासूबाईंच्या वेळचा दमास्क आहे, विणीतच नक्षी असलेला, ट्रंकेत होता. रेणू म्हणाली, आई, कागदच बरे. मी म्हटलं, तू प्लाझ्मॉन बघ, पांढरं काय असतं ते मला शिकवू नकोस. ती बरं म्हणाली. थकलेली दिसते.

गुरुवार, ३१ मे

टेबलक्लॉथ तीनदा धुतला. इतक्या वर्षांचा पिवळेपणा, बारा थेंबांना दाद देईना. तिसऱ्या वेळी अर्धी बाटली. वाळल्यावर उत्तरेच्या खिडकीत धरला. सिस्टर फिलोमिनांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

शनिवार, २ जून. संध्याकाळी ६

दुसरी फेरी. अभूतपूर्व यश.

मंडळी आत आली आणि टेबल बघून थबकलीच. मंडळातली शैलजा म्हणाली, अय्या मावशी, केवढा... आणि थांबली. मग म्हणाली, केवढा जुना आहे ना. शंतनूने सुंदर म्हटलं. चांगल्या घरातली मुलं, कदर आहे. फक्त एकनाथराव कापडाचं टोक चिमटीत धरून म्हणाले, वहिनी, हा तर... मी म्हटलं, बसा. बसले.

आणि काय बदल! मागच्या वेळी भराभर आकडे लिहिणारे आज पट्ट्यांकडे टक लावून बसले. शून्य, शून्य, शून्य. मी मान वळवून शेजारच्यांचे कागद पाहिले. (नियमात बसत नाही, पण सुपरवायझरला बघावं लागतं.) सगळे माझ्यासारखंच लिहीत होते. एका शिस्तशीर टेबलाने किती फरक पडतो.

आणखी दोन पट्ट्या इथे चिकटवल्या. शेरा: पांढऱ्या.

मंगळवार, ५ जून

रेणू जेवली नाही. दुसऱ्या फेरीत दहाच्या दहा रेघा जमिनीवर. माझ्या मते हा एकमताचा विजय आहे. तिचं म्हणणं, पट्ट्या निळ्या व्हायलाच हव्या होत्या, वायू दिला होता, यंत्र म्हणतं निळ्या आहेत, पण माणसांना दिसत नाहीत. मी म्हटलं, यंत्राशी माझी जुनी ओळख आहे. ती म्हणाली, आई, प्लीज. पहिल्यांदाच असं म्हणाली.

डॉ. केलरनी लिहिलंय की हेच २२ तारखेला झालं तर ते काही करू शकणार नाहीत. रेणूला वाटतं पापुद्रे हवेने खराब झाले, ही खेपच वाया गेली. सगळ्या पट्ट्या टाकून दिल्या तिने. नव्याने करायला आठ दिवस. राहिले सतरा.

गॅरेजमध्ये गाडीत बसून रडत होती. मी कपड्यांची टोपली आणायला गेले होते. टोपली न घेता परत आले.

शुक्रवार, ८ जून

रेणू लॅबमध्येच असते. तिच्यासाठी डबा पाठवला. तिचे लॅबचे पांढरे कोट धुऊन दिले. वीस थेंब. आपल्याकडून जेवढं होईल तेवढं.

रविवार, १० जून. दुपारी

विचित्र प्रसंग. नीट लिहून ठेवते.

एकनाथराव आणि अमित चहाला आले. तोच टेबलक्लॉथ अंथरला होता, आता काढून कशाला ठेवायचा. रेणू समोर बसली होती, कुठेच न बघता. एकनाथरावांच्या हातून चहा सांडला. मुद्दाम, असा मला संशय आहे. त्यांनी खिशातून रुमाल काढला, सांडलेलं न पुसता रुमाल टेबलाच्या कोरड्या भागावर नीट पसरला आणि हात मागे घेतला. एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या बाबतीत हेच मुळात आश्चर्य.

रेणू रुमालाकडे बघत राहिली. मग टेबलक्लॉथकडे. मग रुमालाकडे. मग अगदी हळू आवाजात मला म्हणाली, आई, हे दोन्ही एकाच रंगाचे आहेत? मी म्हटलं, अर्थात. दोन्ही पांढरे. रुमाल जरा पिवळट, त्यांच्या घरी नीळ घालत नसतील.

नीळ, रेणू म्हणाली. किती नीळ, आई? मी म्हटलं, अर्धी बाटली, तू काही बोलू नकोस, तुझ्या कामासाठीच. यावर ती हसायला लागली. हसता हसता टेबलावर डोकं ठेवलं आणि रडली. परत हसली. गिरीश येऊन उभा राहिला, तो आपल्या शर्टाच्या बाहीकडे बघत होता. रेणू म्हणाली, पट्ट्या चांगल्या होत्या रे. निळ्यावर निळ्या ठेवल्या आपण. त्या चांगल्या होत्या आणि मी सगळ्या फेकल्या.

हे काय, कोणी समजावून सांगेना. सगळे माझ्याशी फार गोड वागले. अमितने माझा कप उचलून ठेवला.

सोमवार, ११ जून

उद्या रेणू मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते आहे. कारण उघड आहे. कंपनीपुढे प्रमाणित ऑब्झर्व्हर हवा, तेव्हा माझ्या डोळ्यांचं सर्टिफिकेट करून घेणार. मी म्हटलं, आधी सांगितलं असतंस तर पहिल्या फेरीच्या आधीच आणलं असतं. ती म्हणाली, हो आई, मीच उशीर केला. चूक कबूल करणारी सून दुर्मिळ.

मंगळवार, १२ जून

सर्टिफिकेट नाही.

डॉक्टर म्हणजे पोरगाच. खाकी कोटावर तपकिरी टाय. मी सौम्य शब्दांत सांगितलं की हे शोभत नाही. तो म्हणाला, मॅम, द कोट इज ग्रे अँड द टाय इज पर्पल. मग माझ्या डोळ्यांत दिवे मारले. दोन्हींत मोतीबिंदू म्हणे, जुना, चहासारखा झालेला. चहाच्या पेल्यातून जग बघताय, निळा रंग आत येतच नाही. किती वर्षं, कोण जाणे. हळूहळू होतं, माणसाला कळत नाही.

मी विचारलं, त्याने स्वतः कधी कापड मॅच केलंय का. नाही म्हणाला. तिथेच प्रश्न संपला. दुसरं मत घ्यावं.

येताना रेणू गाडी चालवत होती. दिवे सगळे अंगावर येत होते.

शनिवार, १६ जून

तिसरी फेरी. नव्या पट्ट्या, टेबलावर साधे कागद. टेबलक्लॉथ ट्रंकेत. मला वाटलं होतं रेणू बोलावणार नाही. बोलावलं. माझी खुर्ची तीच, खिडकीजवळची.

यावेळी दोन फेऱ्या घेतल्या. पहिली मागच्यासारखीच. दुसऱ्या फेरीच्या पट्ट्यांमध्ये सुधारणा आहे. प्रत्येक पट्टीभोवती अगदी फिकट राखाडी चौकट छापली आहे. रंग ओळखायचा नाही. मधला भाग चौकटीपेक्षा काळपट दिसला की खूण करायची, अन्न फेकायचं. बस. रेणूला हे चार दिवसांत सुचलं म्हणे. दहापैकी दहा बरोबर आले माझे. तिने तिथल्या तिथे तपासून सांगितलं आणि माझा हात दाबला.

माझे डोळे ठीक आहेत हे यावरून सिद्ध होतं. पोरगा डॉक्टर काय म्हणतो ते म्हणू दे. एकनाथरावांनीसुद्धा टाळी दिली. दिली म्हणजे हात पुढे केला. मी नमस्कार केला.

शुक्रवार, २२ जून. संध्याकाळी

पास. कंपनी काम पुढे चालू ठेवणार. रेणूची नोकरी राहिली. हे आधी लिहिते, कारण हेच महत्त्वाचं.

बाकीचं. युनिव्हर्सिटीच्या हॉलमध्ये आम्ही दहाही जण पुढच्या रांगेत. मी मोरपंखी नेसले होते, त्यावर त्याच रंगाचा ब्लाउज. कंपनीची बाई माझ्याच वयाची, केस पांढरे, बोलणं थोडकं. सगळ्यांनी पट्ट्या वाचल्या, जुन्याही, चौकटीच्याही. पडद्यावर आलेख आला. चौकट नसलेल्या पट्ट्यांत नऊ रेघा चढत्या, सात नंबर जमिनीवर. चौकटीच्या पट्ट्यांत दहाही रेघा एकत्र. बाईने विचारलं, हा सात कोण? याला का नाही दिसत?

मी एकनाथरावांकडे दयेने पाहिलं.

रेणू म्हणाली, ऑब्झर्व्हर सेव्हन लिव्ह्ज इन माय हाउस. मला आधी वाटलं, गिरीश. मनात आलं, पोराचे डोळे कधी बिघडले, कॉम्प्युटरसमोर बसून बसून. मग वाटलं सई, पण सई यादीत नव्हती. गिरीशही नव्हता.

रेणू पुढे बोलत होती. आपल्या घरातली वयस्कर माणसंच तीन दिवसांचं उरलेलं काढून खातात. त्यांच्यातल्या कितीकांना मोतीबिंदू असतो आणि निळा दिसतच नाही. आमची पट्टी ज्यांच्यासाठी आहे त्यांनाच ती वाचता येत नव्हती. नंबर सातमुळे कळलं. नंबर सातला काढून टाका, असा लेखी सल्ला मला मिळाला होता. मी काढलं नाही. त्यामुळे चौकट सुचली.

मी बाजूला पाहिलं. कोणीही माझ्याकडे बघत नव्हतं. शैलजा पर्समध्ये काहीतरी शोधत होती. शंतनू बुटाची लेस बांधत होता, त्याच्या बुटांना लेस नाही. एकनाथराव छताकडे बघत होते. नऊच्या नऊ जण, ठरवल्यासारखे, दुसरीकडे बघत होते.

तेव्हा कळलं.

शनिवार, २३ जून

काही नाही.

दीड पानी अर्ज अजून रेणूच्या फाइलला आहे. सही माझी. 'न कळण्याबद्दल सदर व्यक्तीला गर्व आहे.' भाषा निर्दोष आहे, एवढं मात्र म्हणेन.

सोमवार, २५ जून

मशीनशी शर्यत लावली तेव्हा माझे डोळे तिशीतले होते. ते मशीन आता कुठे असेल?

एकनाथराव चहाला आले. म्हटलं, या. भिंगं दुखतात का, विचारलं. म्हणाले, नाही वहिनी, फक्त पहिल्या दिवशी आपल्या घराला रंग देणारा किती बेकार होता ते कळते.

शुक्रवार, ३१ ऑगस्ट

काल उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आज डोळ्यावरचं बँडेज काढलं. पोरगा डॉक्टर समोर होता. टाय जांभळा आहे. तरीही शोभत नाही.

घरी आल्यावर गिरीशचं कपाट उघडलं. सात शर्ट. आकाशी म्हणावं, तर आकाशाला वाईट वाटेल. कालवलेल्या निळीच्या बादलीचा रंग आहे. चार महिने हे घालून पोरगा ऑफिसला गेला. विचारलं, बोलला का नाहीस? म्हणाला, ऑफिसात विचारायचे, युनिफॉर्म आहे का. मी म्हणायचो, आई धुते. मग ते काही बोलायचे नाहीत.

मग माझी मोरपंखी साडी काढली. साडी मोरपंखी आहे. त्यावर नेसते तो ब्लाउज हिरवा आहे. गवती हिरवा. कंपनीसमोर, पुढच्या रांगेत.

निळीची बाटली कचऱ्यात. सईला रीतसर सॉरी म्हटलं. ती म्हणाली, इट्स ओके, आजी. आणि मिठी मारली. शाळेत फीलिंग्ज शिकवतात तेही अगदी वाया जात नाही.

शनिवार, ८ सप्टेंबर. सकाळी ११

ही वही आज पहिल्यांदा नीट पाहिली. कागद पांढराशुभ्र आहे. टेपखाली पाच पट्ट्या आहेत, प्रत्येकीखाली माझ्या वळणदार अक्षरात शेरा: पांढरी, बदल नाही. पाचही निळ्या आहेत. एक तर इतकी निळी की दुरूनही दिसावी. शेरे खोडले नाहीत. गिरणीत रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नसे.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात. तोवर उजवा डोळा तळहाताने झाकला की सगळं पूर्वीसारखं होतं. पट्ट्या पांढऱ्या, शर्ट पांढरे, डॉक्टर चूक, मी बरोबर.

दिवसातून दोनदा झाकून बघते.